आधी गप्प पडलेल्याकडे

काका जेवायला येणार होते, आणि आईच्या हाताला सकाळपासून स्वस्थता नव्हती. तिनं टेबल पुसलं, खुर्च्या सरकवल्या, परत होत्या तिथे ठेवल्या आणि करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा खिडकीची काच पुसायला घेतली. काचवाल्यांच्या घरातली काच. ती आधीच इतकी स्वच्छ होती की पाखरं येऊन आपटायची.

"आई, पुरे आता," सून म्हणाली. "ते काच बघायला येत नाहीयेत."

"तू ओळखत नाहीस त्यांना. ते दुसरं काही बघतच नाहीत."

दुकानाची वाटणी झाल्यापासून काकांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. चौकाच्या एका टोकाला हे घर, खाली दुकान, त्याच्या खाली माल ठेवायचं तळघर. दुसऱ्या टोकाला काकांचं दुकान, तेही काचेचंच. मधे बसथांबा आणि सहा वर्षांचा अबोला. सख्खा भाऊ, आईचा नवरा, गेला तेव्हासुद्धा काका दारापर्यंत आले होते आणि दारातूनच परतले होते. त्या माणसाला आईनं जेवायला बोलावलं होतं. थोरल्या मुलाला ते आज सकाळी कळलं. सुनेला कालच कळलं होतं. आणि जिच्यासाठी हा सगळा घाट घातला होता त्या धाकटीला काहीच माहीत नव्हतं. ती वर झोपली होती.

तिची रजा उद्या संपत होती. रजेवर आली की ती अशीच झोपायची, तोंड दाराकडे करून, बूट हाताला लागतील असे ठेवून. कपबशी वाजली तरी डोळे उघडायची, कोण आहे ते बघायची आणि पुन्हा मिटायची. ती सैन्यात एका तुकडीची मेडिक होती. लढाई चालू असताना, डॉक्टर मागे कुठेतरी तंबूत असताना, पडलेल्याजवळ पहिल्यांदा जायचं ते मेडिकनं. आई शेजारीपाजारी तिला मलमपट्टीवाली म्हणायची. शब्द लहान केला की काम लहान होईल, अशी तिची समजूत असावी.

थोरला खाली दुकानात उगाच मालाची हलवाहलव करत होता. त्याला राग आला होता, पण तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. काल संध्याकाळी त्यानं स्वतःच धाकटीला गच्चीवर गाठून सांगितलं होतं, पुरे झालं, आता घरी ये, दुकानात ये, निम्मं तुझं. ती नुसती हसली होती. बहिणीनं घरी राहावं हे त्यालाही हवंच होतं. फक्त ते काकांच्या उपकारानं नको होतं.

काका आले ते रिकाम्या हातानं नाही आले, पण आणलेलं फळांचं पुडकं कोणाच्या हातात द्यावं हे न कळून ते तसंच काखेत धरून बसले. बसायच्या आधी खिडकीपाशी गेले, चौकटीवरून अंगठा फिरवला.

"काचेच्या कडेची लांबी सुकलीय. काच खुळखुळेल."

"युद्धात लांबीला कोण विचारतं," थोरला म्हणाला.

"युद्धातच विचारतात. गेल्या खेपेला निम्म्या गावानं काचा बसवल्या. अर्ध्या तू बसवल्यास, अर्ध्या मी. लोकांची घरं फुटली आणि आपल्या चुली पेटल्या."

ते खरं होतं. गेल्या हिवाळ्यात शस्त्रसंधी झाली, आघाडीवर ती कोणी पाळत नव्हतं, पण तेव्हापासून गावावर गोळा पडला नव्हता. लोक पुन्हा मोठ्या काचा बसवायला लागले होते.

धाकटी केस बांधत जिना उतरली आणि काकांना बघून जागीच थांबली. मग तिचा चेहरा असा उजळला की आईला वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं. लहानपणी या मुलीनं चौक कधी स्वतःच्या पायांनी ओलांडला नव्हता, काकांच्या खांद्यावरूनच ओलांडला होता. काकांना मूलबाळ नव्हतं.

"या डॉक्टरीणबाई," काका म्हणाले. त्यांनी आवाज मुद्दाम चढवला.

"डॉक्टर नाही, काका. मेडिक."

"म्हणजे कंपाउंडर. गोळ्या वाटायच्या."

"तिथे गोळ्या भरपूर असतात. फक्त त्या आम्ही वाटत नाही."

काका मोठ्यांदा हसले. सूनही हसली. जेवण सुरू झालं आणि निम्म्यापर्यंत बरं चाललं. काका थोरल्याला काचेचे भाव विचारत होते, थोरला तुटक का होईना उत्तरं देत होता, आई प्रत्येकाच्या ताटात नको म्हणेपर्यंत वाढत होती. धाकटी भराभर जेवत होती, कोणीतरी मधेच उठवणार असल्यासारखी. मग काकांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि अगदी सहज म्हणाले, "मग, पहिल्या तारखेपासून ठरलं ना?"

"काय ठरलं?" धाकटीनं विचारलं.

आईनं मान खाली घातली. काकांनी तिच्याकडे बघितलं, आणि मुलीला काही सांगितलेलंच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनाच सांगावं लागलं. मोठ्या शहरात सैन्याचं औषधांचं कोठार होतं. तिथला प्रमुख त्यांचं जुनं गिऱ्हाईक. धाकटीची बदली तिथे करून घ्यायला तो तयार होता. खोकी मोजायची, पाठवायची. दर शनिवारी घरी. त्यांनी शब्द टाकला होता आणि त्यानं तो राखला होता. तिनं फक्त हो म्हणायचं होतं.

धाकटीनं घास खाली ठेवला. "आणि माझ्या जागी कोण जाईल?"

"जाईल कोणीतरी. जग कोणासाठी थांबतं का?"

"आमच्या तुकडीत आम्ही दोन मेडिक होतो. आता मी एकटी आहे, काका. मी नाही गेले तर परवा कोणी पडला, तर त्याच्याजवळ जायला कोणी नाही."

हे तिनं रागानं म्हटलं नाही, म्हणूनच ते जड झालं. दुसऱ्या मेडिकचं काय झालं हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. पण थोरल्याचा अडवून ठेवलेला राग आता वाट फुटून बाहेर आला, आणि तो धाकटीवर नाही, आईवर आला. तू यांच्या दारात गेलीस, असं तो म्हणाला. मला न विचारता गेलीस. बाबा गेले तेव्हा दारातूनच परत गेला हा माणूस, आणि तू त्याच्यापुढे पदर पसरलास.

"पदर नाही पसरला," काका म्हणाले. "नुसती उभी राहिली आणि रडली. मी काय दगड आहे?"

"दगड असता तर बरं झालं असतं, कापता तरी आला असता."

मग सगळेच बोलायला लागले. आई थोरल्याला म्हणाली की माझी मुलगी परत मिळत असेल तर मी शत्रूच्या दारातही जाईन. काका म्हणाले, म्हणजे मी शत्रू का. आतापर्यंत गप्प असलेली सून म्हणाली की धाकट्या वन्संना स्वतःला कोणी विचारलं का. आईनं तिला मधे बोलू नकोस म्हणून दटावलं. तेव्हा सून शांतपणे म्हणाली की मी मधे बोलत नाही, मी एकटीच विषयाला धरून बोलतेय. आईला ते फार लागलं. आजवर ही मुलगी कायम आपल्या बाजूनं होती, निदान आपल्याला तसं वाटत होतं.

काका उठले. ताट अर्धं होतं. "ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं," ते म्हणाले. फळांचं पुडकं त्यांनी टेबलावर ठेवलं, चौकटीकडे एकदा बघितलं आणि जिना उतरून गेले. धाकटी त्यांच्यामागे जायला उठली होती, तेवढ्यात आईनं तिचं मनगट धरलं. जाऊ दे त्यांना, ती म्हणाली. राग उतरला की येतील.

पहिला गोळा स्टेशनच्या बाजूला पडला. खिडकीची काच खरंच खुळखुळली.

इतरांना तो कसला आवाज हे कळायच्या आत धाकटीनं आईला जिन्याकडे ढकललं होतं. खाली, तळघरात, भिंतीला लागून, काचेपासून लांब. तिचा आवाज या घरात कोणी ऐकला नव्हता असा होता. चढा नव्हता, पण त्याला उलट उत्तर देता येत नव्हतं. सून दिवा घेऊन पुढे, मग थोरला, मग आई. धाकटी सगळ्यात शेवटी आली, वरून आपली औषधांची हिरवी पिशवी घेऊन.

तळघराच्या भिंती जाड होत्या, पण आत सगळा माल भरला होता. लाकडी घोड्यांवर, म्हणजे तिरक्या चौकटींवर, टेकून ठेवलेले काचेचे मोठमोठे तक्ते, मधे गवत. दुसरा गोळा जवळ पडला तेव्हा ते सगळे एकदम गुणगुणले. थोरल्यानं धावत जाऊन सगळ्यात मोठ्या घोडीला पाठ लावली, जणू तो एकटा ती धरून ठेवणार होता. तिसरा गोळा चौकातच पडला. छतातून चुना सांडला, वरच्या मजल्यावर त्यांच्या सगळ्या खिडक्या एकामागून एक फुटताना ऐकू आल्या. मग शांतता, आणि त्या शांततेत काकांचा आवाज.

तळघराला रस्त्याच्या पातळीला एक जाळीचा झरोका होता. धाकटी खोक्यावर चढली आणि बाहेर बघितलं. बसथांब्याचं छप्पर वाकलं होतं. रविवारची बस उभी होती तशीच उभी होती, पण तिला एकही काच उरली नव्हती. काका बाकाशेजारी बसल्यासारखे पडले होते, एक पाय भलत्याच दिशेला, आणि ते ओरडत होते. ते स्वतःच्या आईला, भावाला, देवाला, कोणालाही हाका मारत होते. बसच्या पुढच्या चाकाजवळ ड्रायव्हर पडला होता. तो ओरडत नव्हता.

ती खोक्यावरून उतरली, पिशवी पाठीला लावली आणि दाराकडे वळली. दारात आई उभी होती.

"नाही," आई म्हणाली.

"आई, काका बाहेर आहेत."

"मला ऐकू येतंय. नाही."

"अजून पडतील गोळे. मधे थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात जायला हवं."

"त्यांच्यासाठी?" आईचा आवाज फाटला. "सहा वर्षं ज्यानं माझ्या घराकडे ढुंकून बघितलं नाही, त्याच्यासाठी मी तुला बाहेर पाठवू? तिथे लांब जातेस तेव्हा मला दिसत नाही. इथे माझ्या डोळ्यांदेखत नाही जायचं."

आपण काय बोललो हे आईला स्वतःलाही कळलं, सगळ्यांनाच कळलं. पण ती दारातून हलली नाही. बाहेर काका ओरडतच होते. धाकटीनं वाद घातला नाही. तिनं खाली वाकून आईच्या कमरेत हात घातले, तिला उचललं आणि बाजूला ठेवलं. मोठी काच जशी कडा सांभाळून, कुठे लागू न देता ठेवतात, तशी. आई आयुष्यभर ते विसरली नाही. मुलीचा राग आला, भीती वाटली, पण त्या क्षणी तिला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते त्या हातांच्या ताकदीचं. एवढी ताकद हिच्यात कधी आली? किती माणसं उचलली असतील हिनं?

दार उघडून मिटलं.

धाकटी चौकात उतरली. तिला भीती वाटत नाही असं तुकडीतली पोरं म्हणायची. ते खोटं होतं. भीती दर वेळी पहिल्या पावलालाच भेटायची, आणि ती जाईल म्हणून थांबायला वेळ नसायचा, म्हणून तिला बरोबर घेऊनच निघायचं. ती रस्त्याच्या कडेच्या दगडाला चिकटून वाकून पळाली. पायाखाली सगळीकडे काच होती. तिला वेडंवाकडं मनात आलं की यातली निम्मी दादानं बसवलेली आणि निम्मी काकांनी.

काकांनी तिला येताना बघितलं. "आलीस पोरी," ते म्हणाले आणि दोन्ही हात पुढे केले. धाकटीनं त्यांच्या पायाकडे एक नजर टाकली. हाड मोडलंय, रक्त आहे, पण ते झिरपतंय, उडत नाही. तोंडातून शब्द नीट येतायत. ती त्यांच्या पसरलेल्या हातांजवळून पुढे पळाली.

काकांचे हात तसेच राहिले. त्यांना वाटलं, जेवणाच्या टेबलावरचा हिशेब पोरीनं इथे चुकता केला. त्यांना राग आला नाही, फक्त फार एकटं वाटलं.

तळघरातल्या झरोक्यातून आईनंही ते बघितलं. ती काकांना सोडून गेली. एक क्षण, अगदी एक क्षण, आईला बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याची तिला अशी शिसारी आली की ती खोक्यावरून खाली उतरली.

ड्रायव्हरच्या जांघेत तुकडा घुसला होता. मांडीला असता तर पट्टा आवळून रक्त थांबवता आलं असतं. जांघेत पट्टा बसत नाही. रक्त उसळून उसळून येत होतं आणि दर उसळीला जरा कमी होत होतं, हे वाईट लक्षण. धाकटीनं जखमेत कापड कोंबलं, मूठ घातली, सगळा भार त्या मुठीवर टाकला. पुढचा गोळा आला तेव्हा ती त्याच्या अंगावर पालथी झाली. तो बसच्या पलीकडे पडला. पाठीवर काहीतरी गरम सांडल्यासारखं झालं, ते तिनं मनावर घेतलं नाही. ड्रायव्हरनं डोळे उघडून विचारलं, "गाडीला लागलं का?"

"नाही. गाडी ठीक आहे," ती म्हणाली. तिच्या डोक्यावरच्या बसचा पत्रा चाळणी झाला होता.

एका हातानं जखम दाबून माणूस ओढता येत नाही. तिनं मान वर करून घराकडे बघितलं.

तळघरात थोरला अजून घोडीला पाठ लावून उभा होता. आपण काच धरून ठेवलीय असं तो स्वतःला सांगत होता. पण खरं म्हणजे पाय सुटत नव्हते. सुनेनं काही म्हटलं नाही. तिनं भिंतीवरच्या खुंटीवरून काच उचलायच्या चामडी वाद्या काढल्या, खांद्यावर टाकल्या आणि दाराकडे निघाली. तेव्हा तो हलला. तिच्या खांद्यावरून त्यानं त्या काढून घेतल्या.

"तू आईपाशी थांब," तो म्हणाला.

"तुला जायला जमेल?"

"माहीत नाही."

आणि तो गेला. पुढे आयुष्यभर त्या चौकातलं त्याला काहीच नीट आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की बहिणीनं त्याच्याकडे न बघता, वाद्या खांद्यांखालून घाल, मी सांगितलं की ओढ, असं म्हटलं आणि तो सांगितल्याप्रमाणे वागत गेला. ती ड्रायव्हरच्या बाजूनं वाकून, त्याच्या जांघेतली मूठ न सोडता, खेकड्यासारखी चालत आली. ते काकांजवळून गेले तेव्हा काका ओरडायचे थांबले होते. त्यांनी ते रक्त बघितलं आणि त्यांना समजलं.

"मी थांबतो," काका म्हणाले. "त्याला न्या."

ड्रायव्हरला तळघराच्या जमिनीवर ठेवलं. धाकटीनं आईला जवळ बोलावलं. आई गुडघ्यांवर बसली. धाकटीनं तिचा उजवा हात घेतला, बोटं मिटवून त्याची मूठ केली आणि स्वतःची मूठ काढून झटकन ती तिथे दाबली.

"कोपर सरळ. अंगाचा सगळा भार. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. कोणी काही म्हणालं तरी नाही."

"आणि तू?"

"काका राहिलेत."

आई आता तिला धरू शकत नव्हती, दारात उभी राहू शकत नव्हती. हात उचलला असता तर हा परका माणूस मेला असता. तिला एवढंच दिसलं की मुलीच्या पाठीवर सदरा फाटलाय आणि ओला आहे. मग दार वाजलं, आणि नंतर पुन्हा गोळे. जवळ की लांब हे तिला कळेना, कारण तिच्या मुठीखाली त्या माणसाची नाडी आपटत होती आणि दोन्ही आवाज एकत्र होत होते. खांदा जळायला लागला. बोटं बधिर झाली. सुनेनं मी धरते म्हटलं, पण आईनं मान हलवली. ती सांगेपर्यंत सोडायचं नाही. आता मुलीसाठी तिला करण्यासारखं एवढं एकच काम उरलं होतं आणि ते ती जिवाच्या आकांतानं करत होती.

ड्रायव्हर पुटपुटत होता. सून त्याच्या डोक्याशी बसून त्याला बोलतं ठेवत होती. कुठल्या मार्गावर असता, किती माणसं होती बसमध्ये. माणसं उतरली होती सगळी, तो म्हणाला, बघून घ्या जरा. बघितलं, सून म्हणाली.

दार पुन्हा उघडलं तेव्हा आधी काकांच्या शिव्या आत आल्या. मग काका, वाद्यांना लटकलेले, एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटी. तिच्या मागे चौकात शेवटचा गोळा पडला आणि एक मोठा तक्ता घोडीवरून सरकून जमिनीवर फुटला. मग मात्र सगळं थांबलं.

अॅम्ब्युलन्स आली. तिच्यातल्या माणसानं आईला म्हटलं, सोडा आता, आम्ही बघतो. आईनं सोडलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, मनगटाला हात लावला. आईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरला. तेव्हा काकांचा पाय फळीला बांधत असलेल्या धाकटीनं मान वर केली.

"सोड, आई."

आईनं हात काढला. तो उघडेना. मूठ तशीच राहिली, आणि सुनेनं एकेक बोट सोडवून ती उघडली.

संध्याकाळी खिडक्यांना पुठ्ठे लावून झाले. धाकटी खुर्चीवर उलटी बसली होती आणि सून चिमट्यानं तिच्या पाठीतले काचेचे कण काढत होती. थोरला आत यायचा, काहीतरी विचारायचा, उत्तर ऐकायच्या आत बाहेर जायचा. हॉस्पिटलातून निरोप आला होता की ड्रायव्हर शस्त्रक्रियेतून बाहेर आलाय, जगेल. आई दारात उभी होती. तिनं हात कितीतरी वेळा धुतले होते.

"ओलांडून का गेलीस काकांना?" तिनं विचारलं.

"ओरडत होते म्हणून. ओरडणाऱ्याला श्वास आहे, शुद्ध आहे. आधी गप्प पडलेल्याकडे जायचं."

आईनं हे मनात घोळवलं. तिथे रोज असं असतं का, तिनं विचारलं. रोज नाही, धाकटी म्हणाली. सुनेनं आणखी एक कण वाटीत टाकला.

"मी तुला जा म्हणणार नाही," आई म्हणाली. "माझ्या तोंडून ते निघायचं नाही."

"नको म्हणूस."

"आणि थांब पण म्हणत नाही."

धाकटी वळून बघायला गेली, पण सुनेनं तिला हलू दिलं नाही. तोवर आई निघून गेली होती.

सकाळी थोरला आणि सून धाकटीला सैन्याच्या ट्रकपर्यंत सोडायला निघाले तेव्हा आई घरात नव्हती. ती हॉस्पिटलात काकांच्या खाटेशी बसली होती. काकांचा पाय वर टांगलेला होता, दाढी वाढलेली होती, आणि ते इतके म्हातारे कधीच दिसले नव्हते.

"ती जागा अजून आहे," काका लगेच म्हणाले. "मी इथून निरोप धाडू शकतो. आता तर तो नाही म्हणणारच नाही."

"नको, भाऊजी. दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगा."

काकांनी तिच्याकडे नीट बघितलं. "गेली?"

"निघाली असेल आत्ता."

"आणि तुम्ही इथे?"

"तिथे असते तर धरून ठेवलं असतं मी तिला. माझा काही भरवसा नाही."

काकांनी मान हलवली. त्यांनी विचारलं, मला सोडून ती पुढे पळाली, ते का. तुम्ही ओरडत होतात म्हणून, आई म्हणाली आणि मुलीनं सांगितलेलं सगळं तिनं सांगितलं. काका हसायला गेले आणि पाय ठणकला म्हणून थांबले. आयुष्यभर ओरडत राहिलो, ते म्हणाले, म्हणून दर वेळी मागे राहिलो, आता कळलं.

मग पांघरुणाची कड चिमटीत धरून चाचपत राहिले.

"थोरला काल रात्री येऊन बसला होता," ते म्हणाले. "त्यानं सांगितलं. तुम्ही दार अडवलं होतंत."

आईनं नजर खाली घेतली नाही. "हो."

"मी बाहेर ओरडत असताना."

"हो, भाऊजी. ऐकू येत होतं मला."

काकांनी छताकडे बघितलं. आता हा माणूस पुढची सहा वर्षंही बोलणार नाही असं आईला वाटलं.

"माझी असती," ते म्हणाले, "तर मीही अडवलं असतं."

आई उठली. खुर्ची पुढे ओढून ती खाटेजवळ सरकून बसली. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. प्रत्येक गाडीच्या आवाजाला दोघंही बोलणं तोडून खिडकीकडे बघत होते.